चिंगी अचानक अशी का वागायला लागली? (मांजरवाल्यांनो, जरा बघा)

ताकभात | ४ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इथे पहिल्यांदाच लिहितेय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन मांजरं. चिंगी, वय १२, आणि ढब्बू, वय ३ (बोका, ऑपरेशन झालेला). आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तिसरा मजला, बाल्कनीला जाळी. आल्यावर चार दिवस दोघंही पलंगाखाली होती, मग हळूहळू रुळली. जूनच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं.

गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र चिंगी ओळखू येत नाही. पहाटे तीनच्या सुमारास पॅसेजमध्ये उभी राहून ओरडते. म्याऊ नव्हे, हंबरडाच. पहिल्या रात्री मला वाटलं खाली कुणाचं बाळ रडतंय. खायला सतत मागते. स्वतःची वाटी चाटूनपुसून झाली की ढब्बूला ढकलून त्याचीही संपवते. जन्मात कधी न केलेली गोष्ट म्हणजे बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून पाणी पिते. ढब्बू शेजारून गेला तरी फिस्कारते. दोनदा पायपुसण्यावर शू केली. परवा चौरंगावर उडी मारायला गेली आणि चक्क चुकली, धपकन खाली. आम्ही सगळे हसलो, ती मात्र तिथेच भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

आणि काल सासूबाईंना चावली. सासूबाईंच्या गोधडीत बारा वर्षं झोपलेली मांजर ही! त्यांनी नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला, तर गर्रकन वळून अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले. हात सुजलाय.

सासूबाईंचं म्हणणं, ती रुसली आहे. "विचारून घर बदललं का आपण तिला?" इथल्या जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. वरवर बघून ते म्हणाले, जागा बदललीय, महिनाभर जाऊ द्या. नवरा म्हणतो, नदीपात्रात ढोल पथकांचा सराव सुरू झालाय, संध्याकाळी सात ते दहा खिडक्या हादरतात, त्यानेच बिघडली. मला काहीच सुचत नाहीये. रात्रीची झोप गेली आहे.

---

पेठी पुणेरी | ५ जुलै, सकाळी ७:१०

मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. आमची आजी सांगायची. तुम्ही घरच पाडलंत, आता ती तक्रार कुणाकडे करणार? बिल्डर तर माणसांचेही फोन उचलत नाही.

(दिवे घ्या, गंमत केली.)

---

निवांत | ५ जुलै, सकाळी ८:३५

ढोलाचं कारण असू शकतं. आमच्या घरी पथकाचा सराव सुरू झाला की बरोबर सातला मांजर कपाटावर आणि साडेदहाला खाली. पण मग पहाटे तीनला ओरडायचं कारण काय? तेव्हा तर नदीपात्र शांत असतं.

अवांतर: नव्या घरात उंदीर पळवायचं प्लगमध्ये लावायचं यंत्र वगैरे आहे का? आमच्या यजमानांनी ऑनलाइन मागवलं होतं. आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या पुढचं काही ऐकू येत नाही, मांजराला ६० च्याही पुढचं ऐकू येतं. म्हणजे ते यंत्र उंदरांसाठी आणि शिक्षा मनीला. स्वयंपाकघरात यायचीच बंद झाली होती. आम्ही महिनाभर तिच्या खाण्याचे ब्रँड बदलत बसलो. यंत्र काढलं, दुसऱ्या दिवशी ओट्याखाली हजर. उंदीर, अर्थातच, सबंध काळ होतेच.

---

धांदरट | ५ जुलै, सकाळी ९:०२

चावली म्हणजे कुठेतरी दुखत असणार. आमच्याकडे एकदा बोका लंगडत होता तेव्हा अर्धी क्रोसिन दुधातून देणार होतो, पण त्याने दूधच प्यायलं नाही. तुम्ही पाव गोळी देऊन बघा, दुखणं असेल तर कळेल.

---

गुरांचा डॉक्टर | ५ जुलै, सकाळी ९:१४

धांदरट, तुमच्या बोक्याला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल होती म्हणून तो वाचला. मांजराला क्रोसिन, डोलो, पॅरासिटामॉल असलेलं काहीही देऊ नका. पावही नाही. माणसाचं यकृत हे औषध ज्या वाटेने मोडून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात जवळजवळ नसते. रक्ताचा रंग तपकिरी होतो, हिरड्या काळपट पडतात, तोंड सुजतं आणि मांजर गुदमरून जातं. एका गोळीने जातं. फिनेलचंही तेच. ओल्या फरशीवर चालून मांजर पंजे चाटतं, झालं. भाड्याच्या घरात आल्याआल्या सगळं फिनेलने पुसून काढायची आपली पद्धत आहे, ती मांजर असलेल्या घरात बंद करा.

संपादकांना विनंती: वरचा प्रतिसाद काढू नका, त्याखाली हा राहू द्या. लोक शोधत येतात.

ताकभात, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, फक्त आधी सासूबाईंचा हात. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली होती का? नसेल तर आत्ता धुवा आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. चिंगीचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी होतं का, ते तिथे सांगा. लस घ्यायची का, किती, ते त्यांना ठरवू द्या. दुसरं म्हणजे मांजराचे दात दाभणासारखे. वरून बारीक टिंब दिसतं आणि आत खोलवर घाण गेलेली असते. चोवीस तासांत सूज आली म्हणजे बहुतेक प्रतिजैविक लागणार. हळद लावून बसू नका.

---

ताकभात | ५ जुलै, दुपारी १२:४०

डॉक्टरकाका, धन्यवाद. सासूबाईंना घेऊन आत्ताच आलो. औषधं सुरू झाली, लसही सुरू केली. चिंगीचं इंजेक्शन फेब्रुवारीतच झालंय. (हळद लावलेली होतीच. तुम्हाला कसं कळलं?)

यंत्र नाही. फिनेल मात्र आहे, बाई रोज लावते. आजपासून बंद.

---

बोकोबा | ५ जुलै, दुपारी १:१५

"रुसली आहे" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितो.

आमचा गुंड्या, पाच वर्षांचा, सहकारनगरचा दादा. एका शनिवारी सकाळपासून बाथरूमच्या जाळीवर जाऊन बसायला लागला. उकडतंय म्हणून थंड फरशीवर बसत असेल, असं वाटलं. मग त्याच्या मातीच्या ट्रेमध्ये पाच-पाच मिनिटं बसून कुंथायला लागला. मी ठरवलं, बद्धकोष्ठ. आईने एरंडेल दिलं. संध्याकाळी उचलायला गेलो तर ओरबाडलं. आमचं निदान: गावाहून पाहुणे आलेत, साहेबांना राग आलाय.

रविवारी दुपारी उलटी केली आणि आडवा पडला. तेव्हा कुठे नेला. शू अडकली होती. छत्तीस तास. बोक्याची मूत्रनळी मुळात अरुंद, त्यात खड्यांचा चुरा आणि चिकट स्राव अडकला की बूच बसतं. पोटात मूत्राशय लिंबाएवढं घट्ट लागत होतं, डॉक्टरांनी माझा हात धरून दाखवलं. रक्तात पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदय कधीही थांबलं असतं. गुंगी देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन, वाचला.

मी त्या शनिवारी त्याचा ट्रे साफ केला होता, आणि माती कोरडी होती. ती कोरडी माती पाहून मला बरंच वाटलं, आज काम कमी म्हणून. हे मी अजून विसरलेलो नाही.

---

खिडकीपाशी | ५ जुलै, दुपारी ३:२०

बोकोबा, काटा आला अंगावर.

ताकभात, ढब्बूवर फिस्कारण्याबद्दल माझा अनुभव. आमच्या दोघी सख्ख्या बहिणी, एका टोपलीत वाढलेल्या. एकीला दात काढायला नेलं, संध्याकाळी परत आणली, तर दुसरी तिला घरात घेईना. दवाखान्याचा वास. मांजराची ओळख नाकाने असते, चेहऱ्याने नाही. दोन आठवडे दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. एकच जुना टॉवेल दोघींच्या गालांवरून रोज फिरवायचा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवायच्या, मग दार बोटभर उघडायचं. पंधराव्या दिवशी एकमेकींना चाटायला लागल्या.

दुसरं एक. बाल्कनीत बाहेरचा बोका येतो का? खालच्या कठड्यावर बोका दिसला की आतली मांजर त्याच्यावर जाऊ शकत नाही, मग जो जवळ असेल त्याच्यावर राग निघतो. तो राग तासन्‌तास उतरत नाही. तशा मांजराला उचलायला जायचं नाही, अंधाऱ्या खोलीत एकटं सोडायचं.

---

गुरांचा डॉक्टर | ५ जुलै, संध्याकाळी ५:४८

आता सविस्तर. पस्तीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली, त्यातली बरीचशी म्हशींच्या मागे. मांजरं निवृत्तीनंतर आली आणि त्यांनी मला पुन्हा विद्यार्थी केलं. तेव्हा माझं म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे, हे धरून वाचा.

मांजर रुसत नाही असं मी म्हणणार नाही, माझंच रुसतं. पण बारा वर्षांच्या मांजराचं वागणं तीन आठवड्यांत बदललं, तर रुसवा हे निदान सगळ्यात शेवटी. आधी शरीर. मांजर दुखणं लपवतं, कारण रानात दुबळं दिसणारं जनावर दुसऱ्याचं जेवण होतं. त्यामुळे आपल्याला दुखणं दिसत नाही, दुखण्याने बदललेला स्वभाव दिसतो. गुरगुरण्यावरही जाऊ नका, आजारी मांजरही गुरगुरतं.

तुमच्या लिहिण्यात मला घराचा प्रश्न फारसा दिसत नाही. घर बदलल्याचा ताण पहिल्या आठवड्यात दिसायला हवा होता. दिसला, आणि गेलाही. जूनच्या मध्यानंतर जे सुरू झालं ते वेगळं आहे. आणि ताण आलेलं मांजर खाणं कमी करतं, शेजाऱ्याची वाटी पळवत नाही. भरपूर खाणं, भरपूर पाणी, रात्रीचं ओरडणं, चिडचिड, आणि वय बारा. (माणसाच्या हिशेबात चौसष्ट धरा.) याची बेरीज केली की माझ्या डोक्यात पहिलं नाव थायरॉइडचं येतं. गळ्यातली ग्रंथी वाढते आणि सगळं यंत्र दुप्पट वेगाने पळायला लागतं. मांजरातला हा आजार १९७९ साली पहिल्यांदा नीट नोंदला गेला. आज म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या आजारांपैकी तो एक आहे. बहुतेक वेळा गाठ साधी असते, कर्करोगाची नसते. मूत्रपिंडाचा आजार आणि मधुमेह, हे दुसरे दोन संशयित. तिन्ही एका रक्त-लघवी तपासणीत कळतात.

मला मात्र खरी काळजी वेगळ्याच वाक्याची वाटते. चौरंगाची उडी चुकली, तुम्ही हसलात.

मांजराची उडी चुकत नाही हो. सांधे दुखत असतील तर ते उडी मारतच नाही, आधी दोनदा अंदाज घेतं आणि नाद सोडतं. उडी मारली आणि चुकली, याचा अर्थ कदाचित चौरंग दिसला नाही. भिंतीकडे तोंड करून बसणं, आणि बाजूने आलेल्या हाताला दचकून चावणं, हे त्यालाच धरून आहे. थायरॉइड किंवा मूत्रपिंडामुळे रक्तदाब चढतो, आणि चढलेल्या दाबाने डोळ्यातला पडदा सुटतो. कधी कधी एका रात्रीत.

आत्ता तीन गोष्टी करा.

खोलीत अंधार करून तिच्या बाहुल्या बघा, मग टॉर्च लावा. मांजराची बाहुली उजेडात उभ्या रेघेसारखी बारीक व्हायला हवी. टपोरीच राहिली तर गडबड आहे.

कापसाचा बोळा तिच्या नाकासमोर वरून सोडा. कापूस का, तर त्याला आवाज नसतो आणि वाराही लागत नाही. दिसत असेल तर मान हलते.

वजन. तिला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या. वजाबाकी करा. जुन्या कार्डावर गेल्या वेळचं वजन असेल, ते सांगा.

---

पेठी पुणेरी | ५ जुलै, संध्याकाळी ६:०५

डॉक्टर, सकाळचा माझा प्रतिसाद फारच हलका होता. ताकभात, माफ करा. काय होतंय ते कळवा.

---

ताकभात | ५ जुलै, रात्री ८:३०

हात थरथरतायत, चुका दुरुस्त करत नाही.

वजन ३.६. फेब्रुवारीच्या कार्डावर ४.५. केस एवढे दाट की कळलंच नाही. वरून हात फिरवला तर आता मणके मोजता येतात. इतके दिवस का फिरवला नाही असा?

कापूस. सासूबाईंच्या डब्यातली फुलवात घेतली. चिंगी पाटाजवळ बसली होती, समोरून वात सोडली. वात तिच्या पंजापाशी पडली. तिने मान हलवली नाही. मिशीसुद्धा नाही. पलंगाखालून ढब्बू सुसाट आला आणि वात घेऊन पळाला, तेव्हा तिचे कान त्याच्या दिशेने वळले. फक्त कान.

टॉर्च लावला. डोळे काळेभोर, टपोरे, तसेच. मला आठवतंय, गेल्याच आठवड्यात मुलीने तिचा फोटो स्टेटसला टाकला होता. "चिंगीचे डोळे किती गोड दिसतात ना हल्ली." पंचवीस लोकांनी बदाम पाठवले.

---

गुरांचा डॉक्टर | ५ जुलै, रात्री ८:३४

आत्ता निघा. उद्यावर टाकू नका. रात्री उघडा असलेला, रक्तदाब मोजायची सोय असलेला दवाखाना फोन करून शोधा. सगळीकडे ती सोय नसते, म्हणून "मांजराचा बीपी मोजता का?" हा पहिला प्रश्न विचारा. पडदा सुटून फार दिवस झाले नसतील तर थोडी नजर परत येऊ शकते. नेताना पिंजऱ्यावर चादर टाका, आत सासूबाईंच्या गोधडीचा तुकडा ठेवा. दिसत नसलेल्या जनावराला ओळखीचा वास मोठा आधार असतो.

एक हिशेब सांगून ठेवतो, दवाखान्यात सांगायला उपयोगी पडेल. साडेचारातून नऊशे ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचे बारा किलो गेले तर घरात किती धावपळ झाली असती!

---

निवांत | ५ जुलै, रात्री १०:४५

ताकभात, काय झालं? रिक्षा मिळाली का? पाऊस आहे.

---

बोकोबा | ५ जुलै, रात्री ११:३०

वाट बघतोय.

---

ताकभात | ६ जुलै, पहाटे २:१०

आलो घरी. शेजारच्यांनी गाडी काढली. चिंगी पिंजऱ्यात झोपली आहे.

शेपटीला इवलासा पट्टा बांधून बीपी मोजला. पाच वेळा मोजतात, कारण मांजर घाबरलेलं असतं. शेवटचे तीन आकडे २१० च्या आसपास. १६० च्या वर गेलं की जास्त आणि १८० च्या वर म्हणजे डोळे, मेंदू, मूत्रपिंड सगळ्यालाच धोका, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हृदयाचे ठोके मिनिटाला २४०. गळ्याशी बोट फिरवून त्यांनी मलाही दाखवलं. डावीकडे कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकतं.

उजव्या डोळ्याचा पडदा पूर्ण सुटलाय, डाव्याचा थोडा. बीपीची गोळी तिथेच दिली. माणसांचीच असते म्हणे, अॅम्लोडिपिन, फक्त कणभर. रक्ताचा रिपोर्ट उद्या.

तिला दिसत नव्हतं हो. म्हणून ओरडत होती रात्री. दिवे बंद झाले की उरलेलं थोडंही दिसेनासं होत असेल, आणि घर नवीन. आम्ही तिला पॅसेजमधून दटावून गप्प करत होतो.

---

खिडकीपाशी | ६ जुलै, सकाळी ७:००

ताकभात, स्वतःला लावून घेऊ नका. ज्या दवाखान्यात आधी नेलं होतं त्यांनाही नाहीच ना दिसलं.

---

गुरांचा डॉक्टर | ६ जुलै, सकाळी ७:४०

थोडा त्यांचाही बचाव करतो. दवाखान्याच्या टेबलावर सगळ्याच मांजरांचे डोळे भीतीने टपोरे असतात, आणि टेबलावर कुणी उडी मारत नाही. म्हणून घरून मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. ओरडतानाचा, चालतानाचा, ट्रेमध्ये बसलेला. अर्धं निदान त्यात असतं. वजन न करणं मात्र चूकच.

घरासाठी: सामान हलवू नका. खाणं, पाणी, ट्रे आज जिथे आहे तिथेच राहू द्या. रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा ठेवा. तिला हात लावायच्या आधी आवाज द्या. ढब्बूच्या गळ्यात लहान घुंगरू बांधा, ताणला तर सुटेल असा पट्टा घ्या. बाल्कनीचं दार बंद. पायपुसण्यावरच्या शूचा उलगडाही झाला असेल आता. पाणी जास्त, शू जास्त, आणि ट्रे कुठे ते दिसत नाही.

---

पेठी पुणेरी | ६ जुलै, सकाळी ८:१५

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची हा प्रश्न इतकी वर्षं पडून होता. कर्वेनगरात सुटला म्हणायचा.

---

धांदरट | ६ जुलै, सकाळी ९:५०

काल रात्री बसून घरातल्या बोक्याचं वजन केलं. ६.८. वेगळा धागा काढू का?

---

ताकभात | ७ जुलै, संध्याकाळी ६:२०

रिपोर्ट आले. थायरॉइडच निघालं, टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. साखर व्यवस्थित. मूत्रपिंड "सध्या" बरं.

या "सध्या"चा अर्थ डॉक्टरीणबाईंनी नीट समजावला, तो इथे लिहून ठेवते. थायरॉइड वाढलेलं असताना रक्त जोरात पळतं, त्यामुळे मूत्रपिंडातूनही जास्त गाळलं जातं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. औषधाने वेग कमी झाला की मागे लपलेला मूत्रपिंडाचा आजार उघडा पडू शकतो. म्हणून गोळी कमी मात्रेने सुरू करायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. मेथिमाझोल दिवसातून दोनदा. गोळी हाताने तोडायची नाही, तोडलीच तर हात धुवायचे. गरोदर बाईने तर हातच लावायचा नाही. जाऊबाई येणार आहेत पुढच्या महिन्यात, म्हणून हे डब्यावर मोठ्या अक्षरांत चिकटवलंय.

गोळी कशी द्यायची ते विचारू नका. पहिल्या दिवशी तुपात घोळवली, तूप चाटून गोळी थुंकली. श्रीखंडात, तेच. शेवटी उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात. आमच्या घरात चिकन! सासूबाई स्वतः म्हणाल्या, "बाल्कनीत वेगळी शेगडी मांडा, वेगळं पातेलं आणा, पण ते पोर उपाशी ठेवू नका." मी बावीस वर्षं या घरात आहे, मला कधी अंड्याचीही परवानगी मिळाली नाही. नोंद असावी.

---

निवांत | ७ जुलै, संध्याकाळी ७:०५

गोळी जात नसेल तर हेच औषध कानाच्या पाळीला आतून लावायच्या मलमाच्या रूपातही करून देतात, असं ऐकलंय. डॉक्टरकाका?

---

गुरांचा डॉक्टर | ७ जुलै, संध्याकाळी ७:३०

हो, असतं. ते वेगळं बनवून घ्यावं लागतं आणि सगळीकडे मिळत नाही. लावताना हातमोजा घालायचा, नाहीतर औषध तुमच्याच कातडीत जातं. चिकन चालतंय तोवर चिकनच चालू द्या.

---

ताकभात | ३० जुलै, रात्री १०:१५

बरेच जण विचारत होते, म्हणून धागा वर काढते.

बीपी आता १५० वर आहे. वजन ३.८. पहाटेचं ओरडणं दहा-बारा दिवसांपूर्वी थांबलं. पहिल्या रात्री ती ओरडली नाही, तर तीनला सगळे आपोआप उठून पॅसेजमध्ये जमलो, काय झालं म्हणून. ती गोधडीत झोपलेली होती.

उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि दिसणारही नाही. डाव्याने बहुधा सावल्या दिसतात. परवा फुलवात सोडली, तेव्हा डावीकडून मान वळली. उशिरा वळली, पण वळली. ढब्बूचं घुंगरू त्याने दोनदा तोडलं, आता तिसरं आहे. त्याच्यावरचं फिस्कारणं कमी झालंय. तो जवळ यायला लागला की ती नाक पुढे करते, हुंगते, आणि मग जाऊ देते.

आजच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलं. म्हणजे मूत्रपिंड मागे लपून बसलंच होतं. गोळीची मात्रा जराशी कमी केली, खाण्यात पाणी जास्त घालायला सांगितलंय. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

सासूबाईंचा हात बरा आहे, लसही पूर्ण झाली. आता त्या दारातूनच "चिंगे, मी गं" म्हणतात, मग बांगड्या वाजवतात, मग बसतात, आणि मग हात लावतात. सकाळी पूजेला उठतानाही तिला सांगून उठतात. रुसव्याचा विषय निघत नाही. पण काल मी पडदे धुवायला काढत होते, तर म्हणाल्या, "आधी तिला सांगितलंस का?"

एक मदत हवी होती. चौदा तारखेला पुन्हा दवाखान्यात जायचंय आणि आमच्या पिंजऱ्याची कडी तुटली आहे. वरून उघडणारा पिंजरा कर्वेनगर-वारजे भागात कुणाकडे आहे का? दिवसभरासाठी हवाय, धुऊन परत करीन. फिनेलने नाही.